बिनधास्त (चित्रपट)

बिनधास्त : १९९९ साली प्रदर्शित झालेला मराठी रहस्यपट. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी. लेखक अजित दळवी व प्रशांत दळवी. खून, पोलीस, संशयित असा सगळा सरंजाम त्यात असला, तरी तो लक्षात राहतो दोन कॉलेजवयीन मुलींच्या मैत्रीमुळे आणि त्या मैत्रीच्या जोरावर त्यांनी घरच्यांना दिलेल्या गुंगाऱ्यामुळे. कथेतील महत्त्वाची सर्व पात्रे स्त्रिया आहेत. मराठी पडद्यावर असे त्याआधी क्वचितच घडले होते.

मयूरी (गौतमी गाडगीळ) आणि वैजयंती (शर्वरी जमेनीस) या जिवलग मैत्रिणी खोड्या काढण्यात आणि थापा पचवण्यात पटाईत आहेत. मयूरीचे लग्न उरकण्याचा घाट घातला जातो, तेव्हा तो मोडून काढण्यासाठी त्या मुळात अस्तित्वातच नसलेला एक प्रियकर रचतात. थाप खपते. मग त्याच नावाचा हाडामांसाचा माणूस खरोखर उभा राहतो, त्याचा खून होतो आणि संशय येतो तो या दोघींवर. रहस्यपटाचा शेवट फोडणे हा न पाहिलेल्यांवर अन्याय ठरेल. रीमा लागू व सीमा बिस्वास यांच्याही यात भूमिका आहेत.

मुलींच्या बंडाची गोष्ट सांगताना चित्रपट बहुधा बाप, भाऊ किंवा प्रियकर यांच्याभोवती घुटमळतात. येथे बंडाची ठिणगी मैत्रिणींमध्येच पडते. मयूरी एकटी असती, तर कुरकुरत का होईना, बघण्याच्या कार्यक्रमाला पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली असती. ‘काही होत नाही गं, मी आहे ना’ असे म्हणणारी कुणी शेजारी असली, की त्या वयात नकाराला बळ येते आणि त्याच बळावर थापेचा पुढचा मजलाही चढवला जातो. प्रकरण अंगाशी आल्यावर मात्र हीच मैत्री उलटी आवळू लागते. एकीने खरे बोलावे, तर दुसरी अडकते. गप्प राहावे, तर दोघी बुडतात. ‘संगत वाईट’ हा घरच्यांचा ठरलेला शेरा. या दोघींत कोण कुणाची वाईट संगत, हे शेवटपर्यंत ठरवता येत नाही. लेखनातली ही सर्वांत चांगली गोष्ट. उत्तरार्धात तपासाची गती एवढी वाढते, की मुलीला लग्नाला नाही म्हणता यावे की नाही, हा मूळ प्रश्न मागे पडतो.

कुलकर्णी आणि दळवी बंधू ही औरंगाबादच्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून पुढे आलेली मंडळी. प्रशांत दळवी यांचे ‘चारचौघी’ हे नाटक कुलकर्णी यांनी १९९१ मध्ये रंगभूमीवर आणले. त्यात एक आई आणि तीन मुली आपापल्या अटींवर जगू पाहतात. त्याच वर्षी ‘माहेरची साडी’ या चित्रपटाने थिएटरांत बायाबापड्यांना पदर डोळ्यांना लावायला लावले होते. सोसणाऱ्या सुनेच्या त्या लाटेनंतर आठ वर्षांनी आलेल्या मयूरी-वैजयंती डोळे पुसत बसत नाहीत, हे म्हणूनच नोंदवण्यासारखे आहे.

चित्रपटातले कॉलेज शहरी आहे. खेड्यातल्या मुलीसाठी असे बंड इतके सोपे नसते. मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यात सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली मुलगी पास दाखवून सकाळच्या एसटीने कॉलेजला येते. परतीची गाडी चुकली आणि उशीर झाला, की पारावर चर्चा सुरू. मैत्रिणीच्या नादाने तिने केलेल्या आगळिकीची शिक्षा बहुधा एकच असते : शिक्षण बंद आणि सोयरीक पक्की. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झाल्याचे आढळले. हिंगोलीसह मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून जास्त होते. थापा मारून लग्न लांबवणे ही तिथे निव्वळ कॉलेजातली गंमत राहत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर मुलीला मागे कुणाकडे ठेवायचे, हा प्रश्नच लग्न लवकर उरकायला पुरतो.

प्रियदर्शन यांनी या कथेवर २००० मध्ये ‘स्नेगितिये’ हा तमिळ चित्रपट केला. ज्योतिका, शर्बानी मुखर्जी आणि पोलीस अधिकारी म्हणून तब्बू त्यात होत्या. मल्याळम रूप ‘राक्किळिपाट्टु’ २००७ मध्ये प्रदर्शित झाले. मराठी चित्रपटाची कथा दक्षिणेने उचलावी, हे त्या काळात फारसे घडत नसे.

मुलींच्या टोळीचा पुढचा ठळक मराठी चित्रपट म्हणजे विशाल देवरुखकर यांचा ‘गर्ल्स’ (२०१९). ‘बॉईज’ या चित्रपटाच्या यशानंतर आलेल्या ‘गर्ल्स’मध्ये कडक आईच्या धाकातली मती (अंकिता लांडे) गोव्याला पोचते आणि तिथे मॅगी (केतकी नारायण) व रूमी (अन्विता फलटणकर) यांच्या सहवासात तिला मोकळीक सापडते. इथे खून नाही, पोलीस तपासही नाही. मतीला भांडायचे आहे ते आईशी.