लॅबियाप्लास्टीनंतर लघवीची जळजळ : कोणती काळजी घ्यावी?

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे 'उन्हाळी लागली' असे म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी किंवा भिजवलेला सब्जा दिला जातो. लॅबियाप्लास्टीनंतरची जळजळ मात्र बहुतेक वेळा निराळी असते. योनीमुखालगतच्या त्वचेच्या आतील घड्यांना लघुभगोष्ठ म्हणतात. त्यांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया म्हणजे लॅबियाप्लास्टी. संकोचामुळे या त्रासाविषयी घरातही बोलले जात नाही आणि त्यातूनच चुकीचे उपाय केले जातात.

जळजळ का होते?

मूत्रमार्गाचे तोंड दोन्ही लघुभगोष्ठांच्या मध्येच असते. त्यामुळे लघवी ताज्या जखमेला लागते आणि तिच्यातील आम्ल व क्षार झोंबतात. सूज असल्याने लघवीची धार वाकडी जाते किंवा पसरते. पहिले दोन-तीन दिवस हा त्रास अधिक असतो आणि सूज उतरू लागली की हळूहळू कमी होतो.

पाणी तोडू नका

जळजळीच्या भीतीने अनेक स्त्रिया पाणी कमी पितात आणि लघवी रोखून धरतात. हीच सर्वांत मोठी चूक होय. पाणी कमी पडले की लघवी दाट होऊन अधिक झोंबते आणि ती तुंबवून ठेवल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार नसल्यास दिवसभरात थोडे थोडे करून दोन ते अडीच लिटर पाणी प्यावे. दर तीन-चार तासांनी लघवीला जावे. चहा-कॉफी कमी करावी.

घरी काय करावे?

* लघवी करतानाच जखमेवर कोमट पाण्याची संथ धार सोडावी. त्याने लघवी पातळ होते व कमी झोंबते. त्यासाठी उकळून कोमट केलेले पाणी वापरावे.
* कमोडवर किंचित पुढे वाकून बसावे. उकिडवे बसल्याने टाक्यांवर ताण येत असल्यास काही दिवस कमोडची खुर्ची वापरावी.
* नंतर मऊ स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे, घासू नये. पुसताना नेहमी पुढून मागे पुसावे.
* पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरल्यास सूज कमी होते. बर्फ थेट त्वचेला लावू नये.
* सुती, सैल कपडे वापरावेत. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये.
* साबण, जंतुनाशक द्रावण, पावडर, हळद किंवा तेल जखमेला लावू नये. टबमध्ये बसून शेक घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

वेदनाशामक गोळी व लघवीची आम्लता कमी करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. उरलेली प्रतिजैविके मनाने घेणे घातक ठरू शकते.

प्रवास आणि गावचा मुक्काम

पुण्या-मुंबईत शस्त्रक्रिया करून विश्रांतीसाठी बीड जिल्ह्यातील घाटनांदूरसारख्या गावी जायचे असल्यास घाई करू नये. लांबच्या प्रवासात स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने पाणी टाळले जाते. प्रवास कधी करावा, हे शल्यचिकित्सकांना विचारून ठरवावे. निघण्यापूर्वी शस्त्रक्रियेची कागदपत्रे, औषधांची यादी व डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक सोबत घ्यावा. गावी त्रास वाढल्यास पुन्हा पुणे-मुंबई गाठेपर्यंत थांबू नये. घाटनांदूर अंबाजोगाई तालुक्यात असून अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

जखमेची जळजळ बाहेरच्या बाजूला, लघवी लागताच जाणवते. याउलट आतून दुखणे, वारंवार थेंब-थेंब लघवी होणे, ओटीपोटात कळ येणे, लघवी गढूळ किंवा रक्तमिश्रित असणे ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी लघवीची तपासणी आवश्यक ठरते.

लघवीची भावना असूनही सहा तासांत ती झाली नाही, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, एका बाजूची सूज वेगाने वाढली, दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला किंवा तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव झाला, तर तातडीने रुग्णालयात जावे. दिवसागणिक कमी होणारी जळजळ बरे होण्याची खूण असते. वाढत जाणारी जळजळ मात्र लाजेखातर अंगावर काढू नये.