मातीची साक्ष

जालना जिल्ह्यांत, जाफराबाद तालुक्यांतील टेंभुर्णीकडे कोणी सातवाहनांचा इतिहास शोधावयास सहसा जात नाहीं. परंतु लगतच्याच तालुक्याचें ठाणें जें भोकरदन, तें प्राचीन भोगवर्धन होय. येथील उपासकांचीं दानें सांचीच्या स्तूपावरील लेखांत नमूद आहेत. केळणेच्या कांठच्या या गांवीं १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं उत्खनन केलें, तेव्हां एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा खंडित भाग हातीं आला.

हा तुकडा लहान खरा, पण त्याचें नातें फार दूरवर पोहोंचतें. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई नगरांत १९३८ सालीं अशीच एक भारतीय मूर्ति निघाली होती. ती मथुरेकडील असावी, असा प्रथम तर्क होता. पुढें भोकरदन व तेर येथील मूर्तींशीं तिचें साम्य दिसून आल्यावर कित्येक अभ्यासकांची दृष्टि दक्षिणापथाकडे वळली.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर सांगितलें असून, येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे, असें म्हटलें आहे. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवांत सांपडणाऱ्या जुन्या वस्तु जन्मभर जमविल्या. त्यांचा तो संग्रह आज तेथें त्यांच्याच नांवानें शासकीय संग्रहालय होऊन उभा आहे. पक्व मातीच्या प्रतिमा, दुहेरी सांच्यांत घडविलेल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या, सातवाहनांचीं नाणीं आणि ती हस्तिदंती मूर्ति, हें सारें या एका पुरुषाच्या आस्थेमुळें वांचलें.

तथापि संग्राहकानें उचललेली वस्तु आणि उत्खननांत निघालेली वस्तु यांत एक भेद आहे. पहिली वांचते, पण ती कोणत्या थरांतील, तिच्याजवळ कोणतें खापर व कोणतें नाणें होतें, हें तिच्याकडून कळत नाहीं. दुसरीचा काळ तिच्या शेजारच्या वस्तूंवरून ठरवितां येतो. भोकरदनच्या तुकड्याचें महत्त्व यांतच आहे. संग्राहक वस्तूचा प्राण राखतो, उत्खनन तिला वाचा देतें. इतिहासास दोहोंचीही गरज आहे.

मराठवाड्यांत जुन्या वस्तीच्या टेकाडांस पांढरी म्हणतात, आणि तेथील माती धाब्यांवर घालण्यासाठीं पिढ्यान् पिढ्या खणून नेली गेली आहे. तिच्याबरोबर किती मूर्ति व नाणीं फुटून गेलीं असतील, याचा हिशेब कोण देणार? १८७८ च्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें भूमिगत धन सांपडल्यास तें जिल्हाधिकाऱ्यांस कळविलें पाहिजे. पण सामान्य मण्याचें किंवा खापराचें रक्षण कायद्याहून गांवकऱ्यांच्या आस्थेवरच अधिक अवलंबून असतें. म्हणून टेंभुर्णीसारख्या गांवच्या शाळामास्तरांस व शेतकऱ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे: नांगराच्या फाळास कांहीं लागलें, तर तें कोणत्या शेतांत व किती खोलीवर लागलें, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. वस्तु संग्रहालयांत केव्हांही ठेवतां येईल. तिची जागा मात्र एकदां विसरली म्हणजे पुन्हां सांपडत नाहीं.