दक्षिण कोरियातील वित्तीय संकट (१९९७-९८) : आर्थिक सुधारणा आणि व्यापारसंबंध

प्रस्तावना :
२ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपले चलन बाह्‌त तरते केले आणि त्यानंतर काही महिन्यांतच आग्नेय आशियातील अर्थव्यवस्था एकामागून एक कोसळू लागल्या. या संकटाचे सर्वांत अनपेक्षित बळी ठरले ते दक्षिण कोरिया हे राष्ट्र. डिसेंबर १९९६ मध्ये ज्या देशाला आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचे सदस्यत्व मिळाले, तोच देश वर्षभरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभा राहिला. कर्जासोबत आलेल्या सुधारणांचा कोरियाच्या व्यापारसंबंधांवर कोणता परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

संकटाचे स्वरूप :
१९९६ मध्ये संगणकाच्या स्मृतिचिपांच्या किमती घसरल्याने कोरियाच्या निर्यातीला फटका बसला व चालू खात्यावरील तूट वाढली. जानेवारी १९९७ मध्ये हानबो पोलाद समूह बुडाला. त्याच वर्षी किया हा मोटार उद्योगही अडचणीत आला. तथापि खरे दुखणे व्यापारात नव्हते. बँकांनी परदेशातून अल्पमुदतीची कर्जे उचलून ती मोठ्या उद्योगसमूहांना (चेबोल) दीर्घ मुदतीसाठी दिली होती. परदेशी बँकांनी कर्जांचे नूतनीकरण थांबवताच परकीय चलनाची गंगाजळी आटली. ३ डिसेंबर १९९७ रोजी नाणेनिधीशी करार झाला. नाणेनिधीचे सुमारे २१ अब्ज डॉलर धरून एकूण साहाय्य ५७ अब्ज डॉलरच्या घरात होते. कोरियन वृत्तपत्रांनी या घटनेची तुलना १९१० मध्ये जपानने देश गिळंकृत केला त्या मानहानीशी केली.

व्यापारविषयक अटी :
ही तुलना केवळ भावनिक नव्हती. व्याजदरवाढ, दिवाळखोर वित्तसंस्था बंद करणे, भांडवलबाजार खुला करणे या अटींबरोबरच करारात व्यापारविषयक कलमेही होती. त्यांतील महत्त्वाचे कलम ‘आयात-स्रोत विविधीकरण’ या योजनेविषयी होते. १९७८ पासून राबवल्या गेलेल्या या योजनेत जपानचे नाव नव्हते. ज्या देशाशी व्यापारतूट सर्वाधिक, त्या देशाच्या ठरावीक मालावर निर्बंध, असे तिचे सूत्र होते. प्रत्यक्षात तो देश म्हणजे जपानच. मोटारी, मोठे रंगीत दूरचित्रवाणी संच, भ्रमणध्वनी अशा वस्तूंवरील उरलेसुरले निर्बंध जून १९९९ अखेर संपुष्टात आले. ही योजना जागतिक व्यापार संघटनेच्या चौकटीत तशीही टिकणारी नव्हती, हे खरे. परंतु अल्पमुदतीच्या कर्जाचे संकट निवारण्यासाठी जपानी मोटारींना दार उघडणे का आवश्यक होते, हा प्रश्न उरतोच. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मार्टिन फेल्डस्टाइन यांनी १९९८ मध्ये याच मुद्द्यावर नाणेनिधीवर टीका केली होती. ज्या गोष्टी वाटाघाटींच्या मेजावर वर्षानुवर्षे मिळाल्या नव्हत्या त्या कर्जाच्या अटींतून मिळाल्या, असे म्हणण्यास येथे आधार आहे.

१८ डिसेंबर १९९७ च्या निवडणुकीपूर्वी प्रमुख उमेदवारांकडून कराराला लेखी संमती घेण्यात आली. फेरवाटाघाटींची भाषा करणारे किम दे-जुंग निवडून आल्यानंतर या सुधारणांचे सर्वांत खंबीर पुरस्कर्ते झाले. त्यांच्याच काळात, ऑक्टोबर १९९८ मध्ये, जपानशी संयुक्त घोषणापत्र झाले व जपानी सांस्कृतिक आयातीवरील बंदी टप्प्याटप्प्याने उठू लागली.

परिणाम :
१९९८ मध्ये कोरियाच्या व्यापारात सुमारे ३९ अब्ज डॉलरचे आधिक्य दिसले. वॉनच्या अवमूल्यनाने निर्यात भरभराटली, असा त्याचा अर्थ सहज लावला जातो; तो चुकीचा आहे. डॉलरमध्ये मोजता निर्यात त्या वर्षी किंचित घटलीच होती. घसरली ती आयात, तीही सुमारे एकतृतीयांशाने. म्हणजे हे आधिक्य बंद पडलेल्या कारखान्यांचे आणि रिकाम्या झालेल्या घरांचे होते. बेरोजगारीचे प्रमाण ७ टक्क्यांपर्यंत गेले. जानेवारी १९९८ पासून नागरिकांनी अंगठ्या व दागिने विकून दोनशेहून अधिक टन सोने निर्यातीसाठी उपलब्ध करून दिले. (१९९१ मध्ये भारतानेही सोने गहाण ठेवले होते, मात्र ते रिझर्व्ह बँकेचे होते, घराघरांतले नव्हे.)

निर्यात सावरली ती १९९९ पासून आणि मग नवे वाद उद्भवले. सरकारी मालकीच्या झालेल्या बँकांनी बुडीत उद्योगांची कर्जे पुनर्रचित केली होती. युरोपीय समुदायाने जहाजबांधणीच्या बाबतीत याला अनुदान ठरवून जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. २००५ च्या अहवालात पुनर्रचनेविषयीची तक्रार फेटाळली गेली, मात्र निर्यात-आयात बँकेचे काही व्यवहार निषिद्ध अनुदान ठरले. हायनिक्स या चिप-उत्पादक कंपनीवर अमेरिकेने २००३ मध्ये लावलेले प्रतिशुल्क मात्र त्याच वर्षी, २००५ मध्ये, अपिलात टिकले. बँका सावरण्याचा आग्रह नाणेनिधीने धरला होता आणि त्या निधीत अमेरिकेचा मताधिकार सर्वांत मोठा होता.

नाणेनिधीचे कर्ज कोरियाने ऑगस्ट २००१ मध्ये, मुदतीपूर्वी सुमारे तीन वर्षे, फेडले. तोपर्यंत, मे २००० मध्ये, चियांग माई येथे आग्नेय आशियातील राष्ट्रे, चीन, जपान व कोरिया यांनी परस्परांना परकीय चलन पुरविण्याची व्यवस्था उभारण्याचे ठरवले होते; १९९७ मध्ये जपानने मांडलेली आशियाई नाणेनिधीची कल्पना अमेरिकेच्या विरोधामुळे बारगळली होती.