तुरुंग नव्हे, फॉर्म

सक्तीच्या सैन्यभरतीसाठी तरुणांची नोंदणी पुन्हा सुरू करायची तर मोठा नवा कायदा लागेल, अशी माझी समजूत होती. अमेरिकेतली १९८० सालची हकीकत वाचली आणि ती गळून पडली. तिथे लागली ती फक्त खर्चाची मंजुरी.

व्हिएतनाम युद्धाने बदनाम झालेली सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली. १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी नोंदणीही बंद केली. मूळ कायदा मात्र कोणी रद्द केला नाही. जुनी तलवार माळ्यावर टाकावी, तसा तो पडून राहिला. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि पुढच्याच महिन्यात अध्यक्ष कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू करण्याचे जाहीर केले. त्यासाठी काँग्रेसकडे मागितलेली रक्कम होती सुमारे १.३३ कोटी डॉलर. सिनेटर मार्क हॅटफील्ड यांनी लांबलचक भाषणे करून विधेयक अडवून धरले. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. बॉम्ब पडल्यानंतरचे हिरोशिमा त्यांनी स्वतः पाहिले होते. तरीही जूनमध्ये पैसे मंजूर झाले. स्त्रियांचीही नोंदणी व्हावी, ही कार्टर यांची मागणी तेवढी फेटाळली गेली. २१ जुलैपासून १९६० साली जन्मलेले तरुण टपाल कचेरीत जाऊन कार्ड भरू लागले. फक्त पुरुषांचीच नोंदणी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला; १९८१ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती वैध ठरवली.

निवडणुकीत या नोंदणीला विरोध करणाऱ्या रेगन यांनी सत्तेवर आल्यावर ती चालूच ठेवली. हे आपल्याला नवे नाही.

खरी गोम पुढे आहे. नोंदणी न करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. नाव न नोंदवणारे लाखांत होते, खटले भरले गेले जेमतेम वीस, आणि १९८६ नंतर तेही थांबले. कारण उघड नकार देणाऱ्याला कोर्टात उभे केले की त्यालाच व्यासपीठ मिळते. त्यापेक्षा सोपी वाट १९८२ मध्ये काँग्रेस सदस्य जेराल्ड सॉलोमन यांच्या दुरुस्तीने दाखवली : नोंदणी नाही, तर शिक्षणासाठी सरकारी मदतही नाही. श्रीमंताच्या मुलाला अशा मदतीची गरजच नसते. चटका बसला तो कर्ज काढून शिकणाऱ्याला. विवेकबुद्धीने नकार देणारा आणि निव्वळ विसरलेला, दोघांना एकच शिक्षा. वयाची २६ वर्षे उलटली की नोंदणी करताही येत नाही.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही हे लागू आहे. विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावरच्या मुलाला सूट असते. ग्रीन कार्ड मिळालेल्या १८ ते २५ वयाच्या मुलाला नाव नोंदवावेच लागते. शिक्षण-मदतीची अट २०२० च्या कायद्याने गेली. नागरिकत्वाच्या अर्जातला प्रश्न अजून आहे.