गोंडवनातील जीवशास्त्र आणि त्याची मराठी परिभाषा

१

पदवीच्या पहिल्या वर्षी शिकविल्या जाणाऱ्या जीवशास्त्राचा क्रम बहुतेक सर्व विद्यापीठांत सारखाच असतो. प्रथम उत्क्रांतीचा सिद्धान्त, त्यानंतर सजीवांची विविधता व वर्गीकरण, आणि अखेरीस प्राण्यांच्या शरीरक्रिया. या क्रमात दिली जाणारी उदाहरणेही ठरून गेलेली आहेत. गालापागोस बेटांवरील फिंच पक्षी, इंग्लंडातील काजळीने काळवंडलेल्या झाडांवरचे पतंग, आणि अशीच काही. चंद्रपूर किंवा गडचिरोली येथील विद्यार्थी परीक्षेपूर्वी या भागाची उजळणी करावयास बसला म्हणजे हे सारे कोठे तरी दूरदेशी घडले, अशी त्याची समजूत झाली तर त्यात नवल नाही.

वस्तुस्थिती मात्र याच्या उलट आहे. या अभ्यासक्रमातील तिन्ही भागांचा पुरावा या दोन जिल्ह्यांच्या खडकांत, अरण्यांत आणि येथील माणसांच्या रक्तातही सापडतो. आणि तो वाचण्याचे काम पावणेदोनशे वर्षे चालू आहे. त्या वाचनाचा इतिहास थोडक्यात मांडणे आणि ज्या मराठी शब्दांच्या द्वारे हे ज्ञान विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते त्यांतील काहींची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे जीवशास्त्रीय सिद्धान्तांत भर घालण्याचा त्याचा अधिकार नाही. परंतु शास्त्र भाषेतूनच शिकविले जात असल्यामुळे त्या भाषेविषयी दोन शब्द बोलणे अस्थानी ठरू नये.

चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते आणि १९६४ पूर्वी त्या जिल्ह्याचे नाव चांदा असे होते. पुढील विवेचनात या दोहोंचा एकत्रित विचार केला आहे.

२

या प्रदेशातील जीवाश्मांच्या अभ्यासाचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. प्राणहिता नदीच्या काठी, सिरोंच्याजवळ, कोटा नावाचे गाव आहे. तेथील चुनखडकात सापडलेल्या माशाचे वर्णन १८५१ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले आणि त्या माशास ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’ असे नाव देण्यात आले. वर्धा नदीच्या खोऱ्यातील मांगली येथे मिळालेल्या एका उभयचर प्राण्याच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ हे नाव दिले. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्ये निघाला. म्हणजे उत्क्रांतीचा सिद्धान्त जगासमोर येण्यापूर्वीच या भूमीतील पुरावा युरोपातील विद्वानांच्या मेजावर जाऊन पडला होता.

या कार्यात ज्यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते ते स्टीफन हिस्लॉप होत. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूरच्या आसपासच्या भूस्तरांविषयी व जीवाश्मांविषयी १८५५ मध्ये एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. परंतु हिस्लॉप केवळ दगड गोळा करीत नव्हते. गोंडी बोलीतील शब्द, गोंडांच्या चालीरीती आणि लिंगोची कथा हेही ते तितक्याच काळजीने टिपून घेत होते. टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी नाल्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांची गोंडांविषयीची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

एकाच माणसाने एकाच प्रदेशात गोळा केलेल्या या दोन संग्रहांचे मार्ग पुढे वेगळे झाले. दगडांचा संग्रह भूशास्त्राकडे गेला, शब्दांचा मानववंशशास्त्राकडे. ज्या लोकांच्या पायाखाली हे खडक होते त्यांची भाषा आणि त्या खडकांतून निघालेले शास्त्र यांची पुन्हा गाठ पडली ती केवळ एका नावापुरती. हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये मध्य भारतातील विशिष्ट खडकांच्या मालिकेसाठी ‘गोंडवन’ हे नाव योजिले. ऑटोकार फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये ते छापील वाङ्मयात आणले. पुढे एदुआर्द झ्यूस यांनी १८८५ मध्ये दक्षिणेकडील एके काळच्या अखंड भूभागास ‘गोंडवनालँड’ असे संबोधिले. आज दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका यांच्या प्राचीन ऐक्याचा उल्लेख जगातील प्रत्येक विद्यापीठात या नावाने होतो. भाषेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘गोंड’ हे त्या लोकांना इतरांनी दिलेले नाव होय; ते स्वतःस ‘कोइतोर’ म्हणवितात. एका खंडाचे नामकरण झाले तेही अशा रीतीने शेजाऱ्यांच्या शब्दाने झाले.

३

आता विविधतेच्या प्रकरणाकडे वळू. वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे गाव प्राचीन जीवसृष्टीच्या अभ्यासकांना शतकाहून अधिक काळ परिचित आहे. तेथे सापडलेल्या अस्थींवरून लिडेकर यांनी १८७९ मध्ये एका महाकाय सरीसृपास ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डाय’ असे नाव दिले. त्याच परिसरातील डोंगरगाव येथे १९८० नंतरच्या दशकात एका टायटॅनोसॉर कुळातील प्राण्याचा बराचसा सांगाडा हाती लागला. सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन केले. २००३ पासून तो ‘आयसिसॉरस कोल्बर्टाय’ या नावाने ओळखला जातो. या नावाचा पूर्वार्ध भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनला आहे. पिसदुऱ्याच्याच एका सर्पास २०११ मध्ये ‘मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस’ असे नाव मिळाले.

पिसदुऱ्याची खरी कीर्ती मात्र अस्थींपेक्षा एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूमुळे झाली आहे. ती म्हणजे तेथे विपुल सापडणारी अश्मीभूत विष्ठा. ही विष्ठा टायटॅनोसॉर प्राण्यांची असावी असे मानले जाते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी इत्यादी संशोधकांनी तिच्यातील सिलिकेचे सूक्ष्म कण तपासले. वनस्पतींच्या पेशींत साठणारे हे कण वनस्पती कुजून गेली तरी टिकतात आणि त्यांच्या आकारावरून ती कोणत्या गटातील होती हे ओळखता येते. या तपासणीत गवताच्या निरनिराळ्या गटांचे कण आढळले. २००५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध होईपर्यंत गवतांचा विस्तार डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचा, असा सर्वसाधारण समज होता. २०११ मध्ये याच स्वरूपाच्या पुराव्यावरून भाताच्या गणाचा उगमही त्याच काळापर्यंत मागे नेण्यात आला. ज्या पूर्व विदर्भात आज धानाची बांधी हीच शेतकऱ्याची मुख्य संपत्ती आहे, तेथेच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी धानाचे दूरचे आप्त एका महाकाय प्राण्याच्या पोटात गेले होते. विविधतेचे प्रकरण शिकविताना याहून अधिक जवळचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

४

येथे उत्क्रांती या शब्दाचाच विचार केला पाहिजे. मराठीत तो आता इतका रूढ झाला आहे की त्याच्या मूळ अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. ‘उत्’ म्हणजे वर व ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे वर जाणे, बाहेर पडणे. प्राणाने देह सोडून जाणे हाही त्याचाच अर्थ. मराठीने हा शब्द नव्या शास्त्रासाठी घेतला तेव्हा मरणाचा अर्थ गळाला, पण वर चढण्याचा अर्थ मागे राहिला. परिणामी विद्यार्थ्याच्या मनात शिडीचे चित्र तयार होते. खाली मासा, वर बेडूक, त्याहून वर सरीसृप आणि सर्वांत वरच्या पायरीवर मनुष्य. डार्विनच्या सिद्धान्तात ही शिडी नाही. तेथे आहे ते फांद्या फुटत जाणारे झाड.

हा भेद स्पष्ट करण्यास भाषाशास्त्र उपयोगी पडते. काल्डवेल यांचे द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण १८५६ मध्ये, म्हणजे डार्विनच्या ग्रंथापूर्वी तीन वर्षे, प्रसिद्ध झाले. आणि १८६३ मध्ये श्लायखर यांनी डार्विनचा सिद्धान्त व भाषाशास्त्र यांच्या साम्यावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. दोन्ही शास्त्रे वंशवृक्षाच्या कल्पनेवर उभी आहेत. गडचिरोलीच्या बाजारात मराठी, गोंडी आणि तिचीच माडिया बोली एकाच वेळी कानांवर पडतात. मराठी आर्य कुळातील व गोंडी द्राविड कुळातील. परंतु गोंडी ही मराठीची मागे राहिलेली पायरी होय, असे कोणी म्हणणार नाही. दोन्ही आपापल्या शाखेची आजची टोके आहेत. बेडूक आणि वाघ यांचेही नाते असेच समजावे.

दुसरे असे की सारखेपणा नेहमी वंशामुळेच येतो असे नाही. मराठीत ‘आपण’ व ‘आम्ही’ असा भेद आहे. ऐकणाऱ्यास सामावून घ्यावयाचे की वगळावयाचे हे त्यावरून ठरते. द्राविड भाषांतही असा भेद आढळतो. म्हणून मराठी द्राविड ठरत नाही. सान्निध्याने आलेले हे साम्य होय. प्राण्यांतही परिस्थितीमुळे आलेले साम्य आणि वंशाने आलेले साम्य यांची फोड करावी लागते.

५

शरीरक्रियांच्या प्रकरणात हा विवेक विशेष उपयोगी ठरतो. माशाच्या हृदयात दोन कप्पे, बेडकाच्या हृदयात तीन, आणि पक्षी व सस्तन प्राण्यांच्या हृदयात चार, हे कोष्टक विद्यार्थी पाठ करतात; त्यामुळे शिडीची कल्पना आणखी घट्ट होते. ताडोबाच्या तलावातील मगर या कोष्टकाला आव्हान देते. ती सरीसृप असूनही तिच्या हृदयात चार कप्पे असतात. वंशाने ती सरड्यापेक्षा पक्ष्याला जवळची आहे. उलट सस्तन प्राण्यांच्या शाखेत चार कप्प्यांचे हृदय स्वतंत्रपणे निर्माण झाले. ताडोबा हे १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान असून येथील विद्यार्थ्याने मगर पुस्तकाच्या चित्रापूर्वी प्रत्यक्ष पाहिलेली असण्याचा संभव आहे.

पचनक्रियेचेही तसेच. पिसदुऱ्याच्या टायटॅनोसॉर प्राण्यांना गवत चावून बारीक करणारे दात नव्हते. खाल्लेला चारा मोठ्या पोटात दीर्घ काळ आंबवूनच त्यांना त्यातून पोषण मिळवावे लागत असले पाहिजे. ताडोबातील गवा आणि गडचिरोलीतील कोलामार्का येथील रानम्हैस हेच काम चार कप्प्यांच्या जठराने व रवंथ करून साधतात. ‘रवंथ’ हा शब्द गुराख्याला ठाऊक आहे, तो कोशातून आणावा लागत नाही. परिभाषा घडविताना असे शब्द हाताशी असता त्यांच्याऐवजी ‘रोमंथन’ लिहिण्यात काय साधते, हे समजणे कठीण आहे.

६

येथपर्यंतच्या उदाहरणांत शब्द चुकला तर नुकसान होते ते परीक्षेतील गुणांचे. यापुढच्या उदाहरणात तसे नाही.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या फरकाने प्राणवायू कमी असता तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. हा दोष आई व वडील या दोघांकडून आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर मनुष्य सामान्यतः निरोगी राहतो. शिवाय घातक हिवतापापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. रक्तातील अशा दोषाचा व हिवतापाचा संबंध असावा ही कल्पना जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडली आणि सिकलसेलच्या बाबतीत अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून तिला आधार दिला. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरी प्रदेशात आढळला. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये लिहिले. हिवतापाने दीर्घ काळ ग्रासलेल्या गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक समाजांत तो आजही आहे. नैसर्गिक निवडीचे उदाहरण म्हणून आफ्रिकेचा नकाशा दाखविला जातो. ते वर्गातल्या बाकावरच बसलेले असते.

हाल्डेन यांचा या प्रदेशाशी आणखी एका प्रकारे संबंध येतो. ते १९५७ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. त्याच संस्थेच्या भूशास्त्र शाखेने त्या सुमारास प्राणहिता व गोदावरीच्या खोऱ्यात उत्खनन आरंभिले आणि नदीपलीकडील, आज तेलंगणात असलेल्या भागात ‘बारापासॉरस टागोराय’ हा महाकाय प्राणी शोधून काढला. या नावात बंगालीतील ‘मोठा पाय’ आणि रवींद्रनाथांच्या १९६१ मधील जन्मशताब्दीचे स्मरण एकत्र आले आहे. पुढे कोटा स्तरातील एका चिमुकल्या आद्य सस्तन प्राण्यास १९८१ मध्ये ‘कोटाथेरियम हाल्डेनाय’ असे नाव देण्यात आले. सिरोंच्याजवळच्या गावाचे व हाल्डेनचे नाव अशा रीतीने एकत्र जोडले गेले.

आता शब्दाचा प्रश्न. ज्याला एकाच पालकाकडून दोष मिळाला आहे त्याला आरोग्यखात्याच्या मराठीत ‘सिकलसेल वाहक’ म्हणतात. परंतु ‘रोगवाहक’ म्हणून शाळेच्या पुस्तकात मुलाला ठाऊक असतो तो डास. म्हणजे हिवताप पसरविणारा डास वाहक आणि त्याच हिवतापापासून काही अंशी सुरक्षित असलेला मनुष्यही वाहकच. ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ एकच उमटणार. हा मनुष्य रोग नेतो आणि दुसऱ्याला देतो. वास्तविक हा दोष स्पर्शाने, अन्नाने किंवा डासाने पसरत नाही. दोन्ही पालक असे असतील तर प्रत्येक अपत्यास आजार होण्याचा संभव चारात एक, पालकांसारखे निरोगी राहून दोष बाळगण्याचा चारात दोन, आणि दोषमुक्त असण्याचा चारात एक, एवढाच त्याचा अर्थ. विवाहापूर्वी तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो तो या गणितामुळे. तेथे ‘वाहक’ हा शब्द मुलीच्या किंवा मुलाच्या नावापुढे लागला म्हणजे सल्ल्याचा कलंक होण्यास वेळ लागत नाही.

‘धारक’ हा शब्द मराठीत प्रत्येक खेड्यात समजतो. शिधापत्रिकाधारक, जमीनधारक. धारक आपल्याजवळ काही बाळगतो, दुसऱ्याला लावीत नाही. ‘सिकलसेल गुणधारक’ असे म्हणण्याने शास्त्रीय अर्थास बाध येत नाही आणि सामाजिक अपाय टळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून तिची मुदत २०४७ पर्यंत आहे. या काळात लक्षावधी तपासणीपत्रे छापली जातील. त्यांवर कोणता शब्द असावा याचा निर्णय आताच झालेला बरा.

७

वरील विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रारंभिक जीवशास्त्राचा संपूर्ण अभ्यासक्रम चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील उदाहरणांवर उभा करता येतो. त्यासाठी लागणारे संशोधन प्रसिद्ध झालेले आहे, ते पाठ्यपुस्तकात आणावयाचे तेवढे राहिले आहे. दुसरी, ही उदाहरणे मराठीत मांडताना प्रत्येक पारिभाषिक शब्द ऐकणाऱ्याच्या बाजूने तपासला पाहिजे. ज्या विद्यार्थ्याची घरची भाषा माडिया किंवा गोंडी आहे त्याच्यासाठी ही तपासणी अधिकच आवश्यक होय, कारण मराठी शब्दाचा रूढ अर्थ हाच त्याचा एकमेव आधार असतो. हिस्लॉप यांच्या टिपणांत दगड आणि शब्द शेजारी शेजारी होते. जीवशास्त्राच्या व भाषाशास्त्राच्या विभागांनी एकत्र बसून मराठी, गोंडी व माडिया अशी एक छोटी त्रैभाषिक शब्दावली तयार केली, तर त्या कामाचा धागा पुन्हा हाती येईल. तिची सुरुवात सिकलसेलच्या परिभाषेपासून व्हावी असे सुचवावेसे वाटते.