उणे बारा व्होल्टची गोष्ट

लॅपटॉपच्या मागे पूर्वी नऊ पिनांचं एक पोर्ट असायचं. सीरियल पोर्ट. आता ते सहसा दिसत नाही, पण त्याने मागे ठेवलेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये ठरलं, १९६९ मध्ये त्याची गाजलेली 'सी' आवृत्ती आली. काळ टेलिप्रिंटर आणि मोडेमचा. इथे 'एक' म्हणजे उणे व्होल्ट आणि 'शून्य' म्हणजे अधिक व्होल्ट! पाठवणाऱ्याने ५ ते १५ व्होल्ट द्यायचे, घेणाऱ्याने ३ व्होल्टही ओळखायचे. मधले दोन व्होल्ट वाटेतल्या तुटीसाठी.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये अधिक १२ आणि उणे १२ दोन्ही तयार होते, त्यामुळे पोर्टवर सहज दहाच्या आसपास व्होल्ट मिळायचे. मग लोकांनी या पोर्टातून वीजही घ्यायला सुरुवात केली. माउस त्यावर चालले, छोटे कन्व्हर्टर चालले. मानकात अशा विजेची हमी कुठेही नव्हती. फुकट मिळत होती, एवढंच.

लॅपटॉपच्या बॅटरीत उणे १२ कुठून आणणार? १९८७ मध्ये मॅक्सिम कंपनीची मॅक्स-२३२ ही चिप आली. एकट्या ५ व्होल्टवरून, छोट्या कपॅसिटरांच्या मदतीने आधी दुप्पट करायचे, मग उलटवायचे. पुढे ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या चिपा आल्या, त्या पाचच्या थोड्या वर जाऊन थांबल्या. नियमात बसणाऱ्या, पण फुकटच्या विजेवर जगणाऱ्यांची उपासमार करणाऱ्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका मित्राचा टॉवेलचा कारखाना आहे. सुताचं वजन काट्यावरून कन्व्हर्टरमार्फत कॉम्प्युटरवर जायचं. डेस्कटॉप गेला, त्याजागी एक जुना लॅपटॉप आला, आणि कधी आकडा यायचा, कधी नुसती अगम्य अक्षरं. नोंदी जुळेनात. संशय गेला बिचाऱ्या दिवाणजींवर. त्यात दुरुस्तीवाला म्हणाला, काटाच बदला.

मी मल्टिमीटर घेऊन बसलो. प्रोग्राम चालू करून चार आणि पाच नंबरच्या पिनांमध्ये मोजलं, तर कन्व्हर्टर काढल्यावर साडेपाच व्होल्ट, लावल्यावर तीनच्याही खाली. म्हणजे काटा ठीक, लॅपटॉपही ठीक. कन्व्हर्टरला स्वतःचा अॅडॉप्टर जोडण्याची जागा होती, तिथे त्यावर छापलेल्या व्होल्टचा अॅडॉप्टर लावला. आकडे नीट यायला लागले.

दिवाणजी काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनीच मागवला.

मला वाटतं, यंत्रं बदलताना आपण वायर जुळते का एवढंच बघतो. जुनं यंत्र न बोलता काय काय देत होतं, ते कुणी लिहून ठेवत नाही. आणि ते बंद पडलं की आपण यंत्राआधी माणसावर संशय घेतो. असो. निदान मल्टिमीटर तरी आधी काढावा!