‘अल्लाह नाराज आहे का?’ : कठीण काळ, रहमत आणि नागपूरच्या पागलखान्यातली सोळा वर्षे

पालकसभा संपली होती. सगळे गेल्यावर एक आई मागे थांबली. तिचा मुलगा आमच्याकडे दहावीत, दोन महिने शाळेत आला नव्हता. रात्रभर जागा राहतो, दिवसा उठत नाही, ताटावरून तसाच उठून जातो, कुणाशी बोलत नाही. एवढे सांगून झाल्यावर तिने हळू आवाजात विचारले, "सर, अल्लाह हमसे नाराज है क्या?" घरातल्या एका मोठ्या माणसाने तिला ऐकवले होते की ईमान कच्चे असले की असेच होते. ती दर गुरुवारी ताजाबादला जात होती, पाणी दम करून आणत होती. डॉक्टरांना दाखवले का, असे विचारले तर म्हणाली, "मोहल्ल्यात कळलं तर बहिणीचं लग्न कसं होणार?"

त्या दिवशी आम्हाला तिला धड उत्तर देता आले नाही. बीएडला बालमानसशास्त्राचा पेपर असतो, पण हा प्रश्न त्या पेपरात येत नाही. नंतर तफसीर काढून वाचली, दोन आलिमांशी आणि एका डॉक्टरांशी बोललो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत, कारण ती आई एकटी नाही. कुणाच्या घरी आजार आहे, कुणाचा लूम बंद पडला आहे, कुणावर कर्ज आहे, आणि सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न फिरत असतो.

दुःख आले म्हणजे नाराजी आली का?

दुःख ही नाराजीची खूण धरली, तर पैगंबरांच्या आयुष्याचे काय करायचे? हजरत मुहम्मद (स.) जन्मायच्या आधीच वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली. नबुवत मिळाल्यानंतरही सुमारे इ. स. 619 मध्ये बीबी खदीजा (र.) आणि चाचा अबू तालिब एकापाठोपाठ एक वारले. सीरतच्या पुस्तकांत त्या वर्षाला ‘आमुल हुज्न’, म्हणजे दुःखाचे वर्ष म्हणतात. त्यानंतर ताइफला गेले तर तिथल्या पोरांनी दगड मारून पाय रक्तबंबाळ केले. मदीनेत तान्हा मुलगा इब्राहीम मांडीवर असताना गेला तेव्हा आप (स.) रडले. सोबत्यांना आश्चर्य वाटले, तेव्हा हे अश्रू म्हणजे रहमत आहे असे समजावले. आपल्याकडे मयतीच्या घरी "रडू नका, सब्र करा" म्हणणारे पुष्कळ भेटतात. आकांत आणि छाती बडवणे मना आहे, डोळे भरून येणे मना नाही.

हजरत याकूब (अ.) यांचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. मुलगा यूसुफ (अ.) हरवल्यावर दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले, हे कुरआनमध्येच आले आहे. घरचे लोक त्यांना म्हणत, आता पुरे, झुरून मराल. त्यांनी आपले गाऱ्हाणे फक्त अल्लाहपुढे मांडले, पण दुःख झालेच नाही असा आव आणला नाही. त्यांचा सब्र सुंदर होता असेही म्हणतात आणि त्यांची दृष्टी गेली असेही सांगतात. दोन्ही एकाच माणसाबद्दल, एकाच सूरहमध्ये.

मुळात सुरुवातीच्या काळात काही दिवस वही येणे थांबले होते, तेव्हा मक्केतल्या विरोधकांनी नेमका हाच टोमणा मारला होता, की तुझ्या रबने तुला सोडले, तो तुझ्यावर नाराज झाला. त्याचे उत्तर म्हणून सूरह जुहा उतरली. सोडलेही नाही आणि नाराजही झालेला नाही, असा दिलासा देऊन पुढे अनाथपणी आसरा कुणी दिला, वाट कुणी दाखवली याची आठवण करून दिली आहे. त्या आईला पुढच्या भेटीत आम्ही हीच सूरह दाखवली. तिच्या प्रश्नाचे शब्द चौदाशे वर्षांपूर्वी मक्केतल्या टोमण्यात होते, हे पाहून ती बराच वेळ पानाकडेच बघत राहिली.

‘नंतर’ नाही, ‘सोबत’

मुस्हफमध्ये जुहाच्या लगेच पुढे सूरह इन्शिराह येते. फक्त आठ आयती, लहान मुलांनाही पाठ असतात. अडचणीबरोबर सवलत आहे ही गोष्ट तिथे लागोपाठ दोनदा आली आहे. भाषा शिकवणाऱ्या माणसाची नजर इथे एका छोट्या शब्दावर अडकते. अरबीत ‘नंतर’साठी ‘बअद’ आहे. इथे तो नाही, ‘मअ’ आहे, म्हणजे सोबत. आपण बहुतेक जण अर्थ सांगताना "दुःखानंतर सुख येतंच" म्हणतो आणि गाडी पुढच्या स्टेशनावर नेऊन ठेवतो. शब्द सांगतो की सवलत याच डब्यात बसली आहे. शिवाय दोन्ही वेळा ‘अडचण’ या शब्दाला ‘अल’ लागले आहे, म्हणजे ती एकच, ठरलेली. ‘सवलत’ला ते नाही, म्हणून जुन्या मुफस्सिरांनी एका अडचणीमागे दोन सवलती मोजल्या आहेत.

जवळीकीचीही अशीच गोष्ट. सूरह बकराच्या 186 व्या आयतीत बंद्यांनी अल्लाहबद्दल विचारले तर काय, हे आले आहे. कुरआनमध्ये लोकांच्या प्रश्नांना उत्तर देताना सहसा पैगंबरांना ‘कुल’, म्हणजे ‘तुम्ही सांगा’, असे म्हटले जाते. इथे ‘कुल’ गाळले आहे आणि आपण जवळ आहोत हे अल्लाहने थेट सांगितले आहे. हाक आणि उत्तर यांच्यामध्ये कुणी निरोप्या ठेवलेला नाही.

पण जवळ असणे म्हणजे काय? बीबी मरियमची हकीकत वाचा. प्रसूतीच्या कळा, सोबत कुणी नाही, बदनामीची भीती. याआधीच मेले असते तर बरे झाले असते, असे त्यांच्या तोंडून निघाले. इतक्या थोर बाईच्या तोंडचे हे शब्द कुरआनने झाकून ठेवले नाहीत आणि त्यावर रागावलेलाही नाही. उत्तर आले ते असे, की दुःख करू नकोस, पायाखाली झरा आहे, खजुराचे खोड हलव, खा, पी, डोळे निवव. आणि लोकांनी काही विचारलेच तर आज बोलणार नाही असे खुणेने सांग. म्हणजे आधी पाणी, मग अन्न, मग लोकांच्या प्रश्नांपासून सुटका. तत्त्वज्ञान नंतर. नुकत्याच बाळंतीण झालेल्या बाईच्या हातात खोड हलवण्याइतकी ताकद ती किती असणार, पण तेवढा हात मात्र तिला लावायला सांगितला.

पागलखाना चौक

आता आपल्या शहराकडे येऊ. छिंदवाडा रोडवरचा पागलखाना चौक कोणत्याही नागपूरकराला माहीत असतो. चेष्टेत आपण त्याचे नाव सर्रास घेतो. "याला चौकात सोडून या" हे वाक्य आमच्या वर्गातही ऐकू येते. तिथे आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. या रुग्णालयाची सुरुवात 1864 सालची.

गंमत अशी की ज्या ताजाबादला ती आई जाते, तिथले हजरत बाबा ताजुद्दीन (रह.) या पागलखान्यात सुमारे सोळा वर्षे होते. बाबांचा जन्म 1861 चा, कामठीचा. वडील फौजेत होते. वडिलांचे छत्र तान्हेपणीच हरपले आणि काही वर्षांत आईही गेली. आजोळी वाढले, मदरशात शिकले, मोठेपणी तेही फौजेत भरती झाले आणि पलटणीबरोबर सागरला गेले. तिथे रात्र-रात्र एका मजारीवर इबादत करू लागले, नोकरी सुटली, कामठीला परतले. लोकांना ते वेडे वाटू लागले. पोरे मागे लागून दगड मारत, अशी आठवण चरित्रकार सांगतात. 1892 साली त्यांना पागलखान्यात दाखल केले गेले. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी हमी देऊन त्यांना बाहेर काढले आणि शक्करदऱ्याला आपल्या वाड्यात नेले. पुढे बाबा कन्हान नदीकाठच्या वाकीत बरीच वर्षे राहिले. 17 ऑगस्ट 1925 रोजी वफात झाली. ताजाबादला 26 मुहर्रमच्या उर्सला हिंदू, मुसलमान सगळेच येतात.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. बाबा आजारी होते असे आमचे म्हणणे नाही. मानणारे त्यांना मजजूब म्हणतात, म्हणजे अल्लाहच्या ओढीत स्वतःला विसरलेला. आणि गप्प बसणारे प्रत्येक मूल मजजूब असते असेही नाही. ही दुसरी चूक जास्त महागात पडते. दर्ग्याला जावे की न जावे यावर आपल्यात मतभेद आहेत, तो वाद इथे नको. आम्हाला बाबांच्या कहाणीत एवढेच दिसते, की ज्या जागेला सगळे शहर आयुष्याचा शेवट समजत होते, तिथे गजांआड एक माणूस सोळा वर्षे अल्लाहचे नाव घेत होता, आणि लोक त्याला भेटायला त्याच फाटकाशी रांग लावत होते. मग त्याच फाटकातून आज आपल्या मुलाला ओपीडीत नेण्यात कसली आली बदनामी?

दुआ आणि दवा

इलाज करणे म्हणजे तवक्कुल सोडणे, हा समज हदीसला धरून नाही. गावाकडच्या काही लोकांनी औषधोपचार करावा का असे विचारले, तेव्हा पैगंबरांनी (स.) जरूर करा, असेच सांगितले. अबू दाऊद आणि तिरमिजीच्या संग्रहांत ही हदीस आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला आधी बांध, मग भरवसा ठेव, असे उत्तर मिळाले होते. मयतीच्या घरी हजरत आयशा (र.) तलबीना करायला लावत, म्हणजे सातूच्या पिठाची पातळ लापशी, कारण तिने दुःखी मनाला आराम पडतो असे त्यांनी पैगंबरांकडून ऐकले होते. चिंता, दुःख आणि कर्जाचे ओझे यांपासून पनाह मागण्याची दुआ बुखारीत आहे. मनाचा त्रास आणि खिशाचा त्रास एकाच दुआत आले आहेत. आपल्या पॉवरलूमवाल्या भावांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

आपल्या इतिहासाला तर मनाचे आजार अजिबात नवे नाहीत. अबू जैद अल-बल्खी (850–934) यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले, ‘मसालिहुल अब्दान वल अन्फुस’. त्यात उदासीचे दोन प्रकार सांगितले आहेत : एकीचे कारण ठाऊक असते, दुसरीचे कारण सापडत नाही आणि तिचे मूळ शरीरात असते. पहिलीला समजूत आणि सोबत, दुसरीला वैद्याचा इलाजही. हजार वर्षांपूर्वीचे हे पुस्तक आहे. दमिश्क आणि हलबच्या बीमारिस्तानांत मनाच्या रुग्णांना जागा होती. आणि आज आपल्याच मोहल्ल्यात कारण सापडले नाही की थेट ‘असर’ झाला म्हणतात.

याची किंमत काय असते ते तमिळनाडूच्या एर्वाडीत दिसले. 6 ऑगस्ट 2001 रोजी तिथल्या दर्ग्याजवळच्या एका खाजगी आसऱ्याला आग लागली. रुग्ण साखळदंडाने बांधलेले होते, पळता आले नाही. 28 जण गेले. त्यांना तिथे त्यांच्याच घरच्यांनी रहमतीच्या आशेने ठेवले होते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे सरळ मना केले आहे. त्याच कायद्यानुसार मेडिक्लेममध्ये मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखेच धरावे लागते, हेही लक्षात असू द्या.

घरच्यांसाठी एक फार मोठी सवलत शरीअतमध्येच आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. हदीसमध्ये आहे की तिघांवरून कलम उचलले गेले आहे : झोपलेला, जागा होईपर्यंत, मूल, वयात येईपर्यंत, आणि बुद्धी ठिकाणावर नसलेला, ती परत येईपर्यंत. ज्याची शुद्धच हरपली आहे त्याच्या नमाजा चुकल्या म्हणून हिशोब मांडला जात नाही. उदासीतल्या मुलाची शुद्ध जागेवर असते, त्याला हा हुकूम सरसकट लागू होत नाही. पण आजारी माणसाला बसून, पडून, इशाऱ्याने नमाज पढायची मुभा आहे, आजारपणातले रोजे नंतर धरता येतात. गोळ्या चालू असताना रमजान आला तर गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारा, त्याच क्रमाने.

कुठे जायचे? मोमिनपुऱ्यापासून मेयो जवळच आहे, तिथे आणि मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे. मनोरुग्णालयाची ओपीडी आहेच. ‘टेलिमानस’चा 14416 हा सरकारी नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीत आणि हिंदीत बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कुणी बोलले तर "तौबा कर" म्हणून त्याला गप्प करू नका. बीबी मरियमला कुणी गप्प केले नव्हते. जवळ बसा, एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.

तो मुलगा सध्या आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळेत येतो. शेवटच्या बाकावर बसतो, डबा अर्धाच खातो. औषध चालू आहे. यंदा परीक्षेला बसेल की पुढच्या वर्षी, ते अजून ठरलेले नाही. आई अजूनही गुरुवारी ताजाबादला जाते. आता तिच्या पर्समध्ये मेयोची चिठ्ठीही असते, घडी घालून, पंजसूरहच्या पुस्तिकेत ठेवलेली.